फार्मासिस्टच्या कामावर तुम्ही किती समाधानी आहात? (मी पाचपैकी पाच दिले आणि आता झोप येत नाहीये)

रातराणी

मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

हेपेटायटिस सीचा (यकृताचा विषाणूजन्य आजार) माझा गोळ्यांचा कोर्स नुकताच संपला. सोफोसबुविर-वेल्पाटासविर, रोज एक गोळी, १२ आठवडे. शेवटची डबी संपली त्या दिवशी हातात एक फॉर्म आला : 'औषधोपचारातील फार्मासिस्टच्या भूमिकेबाबत आपले समाधान'. बारा प्रश्न, प्रत्येकापुढे पाच गोल. मी वरपासून खालपर्यंत पाचव्या गोलावर खुणा करत सुटले, प्रश्न धड वाचलेही नाहीत. समोर तीच फार्मासिस्ट बसली होती जिने तीन महिने माझं सगळं बघितलं. तिच्यासमोर चार कसे देणार?

घरी आल्यावर मात्र टोचणी लागली. खरंच पाच होते का?

काही बाबतीत पाचाच्याही वर होते. पहिल्या भेटीला तिने सांगितलं होतं, घरात औषध म्हणून जे जे पोटात जातं ते सगळं घेऊन या. मी दोन प्रिस्क्रिप्शनच्या गोळ्या घेऊन गेले. ती म्हणाली, "पर्स उघडा." पर्समध्ये ॲसिडिटीच्या गोळीची अर्धी स्ट्रिप होती. ओमेप्राझोल. ती मी औषधात धरतच नव्हते, इतकी वर्षं घेत होते. तिने ती स्ट्रिप उचलून बाजूला ठेवली. म्हणाली, नव्या गोळीतला एक घटक पोटातल्या आम्लात विरघळतो. तुम्ही आम्लच मारून टाकलंत तर तो रक्तात पुरेसा पोचणार नाही. माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला, ती गोळी बंद झाली. मग एका कोऱ्या कागदावर पट्टीने चौकटी आखल्या, अठ्ठावीस-अठ्ठावीसच्या तीन रांगा, एकूण ८४. रोज गोळी घेतली की एक चौकट खोडायची. तो कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

आता दुसरी बाजू. दुसरी डबी घ्यायला गेले तेव्हा ती नव्हती, दुसरं कोणीतरी होतं. माझ्यामागे चार-पाच जण उभे. खिडकीतून अगदी हसतमुखाने आवाज आला, "हेपेटायटिसच्या ना? आणते हं!" मी मान खाली घालून उभी. फॉर्ममध्ये प्रश्न होता, कर्मचाऱ्यांचं वागणं सौजन्यपूर्ण होतं का? होतं की! सौजन्यानेच ऐकवलं सगळ्यांना.

तर प्रश्न असा : तुम्हाला असे फॉर्म आले का? काय भरलंत? आणि 'समाधान' म्हणून हे नक्की मोजतात काय?

वाकडं_बोट

रागावू नका, पण मला या फॉर्मचीच गंमत वाटते. या नव्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. श्रेय गोळीचं. डबी इकडून तिकडे देणाऱ्याच्या भूमिकेवर समाधान कसलं मोजायचं? पत्र आनंदाचं आलं म्हणून पोस्टमनला पाचपैकी पाच?

जुनाट

वाकडं_बोट, तुम्ही सुदैवी काळात आलात.

माझा पहिला उपचार इंटरफेरॉनचा. दर आठवड्याला पोटावर इंजेक्शन, जोडीला वजनाप्रमाणे रोज रिबाविरिनच्या गोळ्या, ४८ आठवडे. इंजेक्शन टोचलं की रात्री हुडहुडी भरून ताप, दुसरा दिवस गेल्यात जमा. तिसऱ्या महिन्यात जिना चढताना धाप लागायला लागली. मला वाटलं, आजार वाढला. पंधरा दिवस कोणाला बोललोच नाही. हिमोग्लोबिन पार खाली आलं होतं. रिबाविरिनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, मला सोडून! मूड जातो, माणूस उगाच रडतो, चिडतो, हेही औषधाचंच. बायकोला वाटायचं मी बदललो.

एवढं सोसून विषाणू गेला नाहीच. जीनोटाइप १ (विषाणूचा एक उपप्रकार) होता, त्यात निम्म्यांच्या आसपास लोकच बरे व्हायचे.

पुढे सोफोसबुविरच्या गोळ्या आल्या (पहिली मंजुरी डिसेंबर २०१३ ची), त्यांनी बरा झालो. दुसऱ्या वेळी फार्मासिस्ट दर दोन आठवड्यांनी फोन करायचा. प्रश्न एकच, "या आठवड्यात काही वेगळं वाटलं का? फालतू वाटलं तरी सांगा." पहिल्या वेळी हे वाक्य कोणी म्हटलं असतं तर ते पंधरा दिवस वाचले असते. समाधान मोजायचं तर मी ते तिथे मोजेन.

खलबत्ता

मी या धंद्यातलाच, त्यामुळे माझं बोलणं थोडं हातचं राखून घ्या.

वाकडं_बोट, पोस्टमनचा दाखला आवडला, पण इथे पोस्टमनला पत्र फोडून वाचावं लागतं. गोळी भारी आहे, वाद नाही. मात्र ती एकटी पोटात जात नाही. पेशंट पन्नाशी-साठीचा असतो, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, अधूनमधून झटक्यांची गोळी. यातल्या काही जोड्या अशा आहेत :

सोफोसबुविर आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन एकत्र आले तर ठोके धोकादायक मंदावू शकतात. क्षयाचं रिफाम्पिसिन, फिट्सचं कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल तर शरीर नवं औषध इतक्या झपाट्याने बाहेर टाकतं की विषाणूला काही होतच नाही. मन प्रसन्न राहावं म्हणून काही जण सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती घेतात, तिचंही तेच. 'नैसर्गिक आहे' म्हणून कोणी सांगत नाही. ग्लेकाप्रेविर-पिब्रेन्टासविर ही जी तीन गोळ्यांची एकदम घ्यायची जोडी आहे, तिच्याबरोबर कोलेस्टेरॉलचं ॲटोरव्हास्टॅटिन चालत नाही. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) हलतो, तो जास्त वेळा तपासावा लागतो. आणि हे बऱ्याच जणांना नवं वाटेल, विषाणू हटायला लागला की मधुमेहींची साखर सुधारते. ऐकायला छान. पण इन्सुलिनचा डोस जुनाच राहिला तर साखर एकदम खाली जाऊन माणूस भोवळ येऊन पडतो.

ही तपासणी डोक्यातून होत नाही, आम्ही एकेक औषध टाकून बघतो. लिव्हरपूल विद्यापीठाचं खास हेपेटायटिसच्या औषधांसाठीचं संकेतस्थळ आहे, हिरवा-पिवळा-लाल अशा खुणा येतात. लाल आली की डॉक्टरांना फोन. हे सगळं पेशंट खिडकीशी येण्याआधी उरकलेलं असतं. तुम्हाला दिसते ती फक्त डबी.

म्हणजे काम चोख झालं तर पेशंटच्या आयुष्यात काहीच घडत नाही. न घडलेल्या गोष्टीवर कोणी समाधान कसं नोंदवणार? रातराणीताईंना ती स्ट्रिप आठवते, कारण फोन त्यांच्या समोर लागला.

ता.क. ओमेप्राझोलचं वाचून कोणी स्वतःहून गोळी बंद करू नका. काहींना ती खरंच लागते. तेव्हा वेळ आणि डोस यांचं वेगळं गणित बसवता येतं, ते ज्याचं त्याच्या डॉक्टर-फार्मासिस्टने बसवायचं.

अबोली

वाचतेय. रातराणी, छान धागा.

आमच्या घरात सी नाही, बी आहे. माझा धाकटा भाऊ. तिथे ८४ चौकटींचं सुख नाही. गोळी वर्षानुवर्षं, कदाचित जन्मभर. त्याला एन्टेकाविर दिलं होतं. ते रिकाम्या पोटी घ्यायचं असतं, जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास सोडून. हे आम्हाला तब्बल वर्षाने कळलं. तोवर तो न चुकता, अगदी शहाण्या मुलासारखा, जेवून उठल्या उठल्या घेत होता. 'गोळी वेळेवर घेता का?' या प्रश्नाला दर वेळी 'हो' म्हणायचा. खोटं नव्हतंच ते.

नंतर त्याच भावाने, मला काही होत नाहीये मग कशाला, म्हणून गोळी सोडली. आम्हाला पत्ता नाही. फोन आला तो फार्मासिस्टचा, "या महिन्याची गोळी नेली नाही, सगळं ठीक ना?" हेपेटायटिस बीची गोळी अशी एकदम सोडली तर दबलेला विषाणू उसळून यकृताला मोठी सूज येऊ शकते, हे त्या फोनवर समजलं. भाऊ चिडला. "माझ्यावर पहारा ठेवतात काय!" त्या दिवशी त्याला फॉर्म दिला असता तर पाचपैकी शून्य मिळाले असते. मी मात्र त्या बाईंचे पाय धरले असते.

आता सांगा, समाधान कोणाचं धरायचं?

आकडेमोड

माझं पोट अशाच सर्वेक्षणांवर चालतं (औषधांची नव्हेत, पण जात तीच), म्हणून पिंक टाकतो.

रातराणी, तुम्ही काही पाप केलेलं नाही. पाच गोलांच्या फॉर्मवर सगळे चार-पाचच देतात. याला आम्ही छताला डोकं लागणं म्हणतो. सगळेच छताला टेकले की उंच कोण, बुटका कोण, काही कळत नाही. त्यात ज्याच्याबद्दल मत द्यायचं तोच समोर बसलेला. त्यात बरं वाटतंय, म्हणून कृतज्ञता. त्यात पुढच्या तपासणीला पुन्हा तिथेच जायचंय. एवढ्या ओझ्याखाली पेन पाचवरच पडतं.

याहून मोठी गोम वेगळीच आहे. फॉर्म मिळतो कोणाला? ८४ वी गोळी घेणाऱ्याला. जो तिसऱ्या आठवड्यात यायचा बंद झाला, त्याचा गोल कुठे आहे? खिडकीवर मोठ्याने आजाराचं नाव ऐकून जो पुन्हा फिरकलाच नाही, तो? असमाधानी माणूस फॉर्म भरत बसत नाही, तो येणं थांबवतो. म्हणून नव्वद टक्के समाधानी वगैरे वाचलं की मी आधी तळटीप शोधतो : किती जणांनी उपचार सुरू केले, किती जणांनी फॉर्म भरला.

तिसरी गोष्ट वेळेची. शेवटच्या गोळीला विचारलं तर एक उत्तर, निकाल हातात आल्यावर विचारलं तर दुसरं. निकाल चांगला आला की खिडकीवरचा शिपाईसुद्धा देवमाणूस वाटतो. म्हणजे वाकडं_बोट यांचा पोस्टमन अगदीच चुकीचा नाही.

चांगली साधनंही आहेत. औषधांच्या माहितीबाबतच्या समाधानाची एक १७ प्रश्नांची मापनपट्टी आहे, सिम्स नावाची. ती 'तुम्ही किती खूश' असं विचारतच नाही. एकेक बाब घेते : औषध कसं काम करतं, किती दिवस घ्यायचं, डोस चुकला तर काय करायचं, झोप येईल का. आणि प्रत्येकापुढे विचारते, ही माहिती जास्त झाली, बेताची मिळाली, कमी पडली, मिळालीच नाही, की नकोच होती? अबोलीताईंच्या भावाला 'रिकाम्या पोटी की भरल्या' हे असं विचारलं असतं तर एका मिनिटात भांडं फुटलं असतं.

वाकडं_बोट

आकडेमोड, आभार. अर्धा का होईना बरोबर निघालो.

खलबत्ता, मुद्दा मान्य. फक्त एक सांगा, हे सगळं डॉक्टर करत नाहीत का? करायला नको का?

खलबत्ता

करतात. पण लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून दुसरी नजर. शिवाय डॉक्टर पेशंटला किती वेळा भेटतो? सुरुवातीला, मध्ये कधीतरी, शेवटी. डबी मात्र दर महिन्याला न्यावीच लागते, आणि तेव्हा माणूस डॉक्टरला न सांगितलेलं सांगतो. 'दोन दिवस गोळी राहिली' हे डॉक्टरसमोर कोणी कबूल करत नाही. आमच्याकडे करतात, कारण उरलेल्या गोळ्या मोजल्या की कळणारच असतं. :)

डोस राहण्यावरून : सोफोसबुविर-वेल्पाटासविरची गोळी ठरल्या वेळेपासून १८ तासांच्या आत आठवली तर लगेच घ्यायची, त्याहून उशीर झाला तर ती सोडून पुढची वेळेवर. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. हे सांगून झालं की मी पेशंटलाच विचारतो, "आता तुम्ही मला सांगा, उद्या सकाळची गोळी रात्री आठवली तर काय कराल?" निम्मे लोक गडबडतात. मान डोलावणारेच जास्त गडबडतात.

पायरीवरचा

मी व्यसनमुक्तीच्या कामात आहे. इथे सगळे घर, कपाट, चौकटींचा कागद असलेल्यांचं बोलताय. माझ्याकडच्या लोकांना यातलं काहीच नसतं. सुईतून आलेला सी विषाणू त्यांच्यात भरपूर, आणि हॉस्पिटलची पायरी ते चढत नाहीत. चढले तरी 'आधी नशा सोडून या' असं ऐकून उतरतात.

स्कॉटलंडमध्ये यावर एक सरळ प्रयोग झाला, निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. ही माणसं मेथाडोनसाठी (नशेच्या जागी देतात ते औषध) तशीही औषधाच्या दुकानात नेमाने येतात. मग त्याच दुकानातल्या फार्मासिस्टने बोटातून रक्त घेऊन तपासायचं आणि त्यानेच गोळ्याही सुरू करायच्या. काही दुकानांत असं, आणि बाकीच्या दुकानांतून नेहमीसारखी हॉस्पिटलला चिठ्ठी. तपासणी, उपचार आणि बरं होणं, तिन्हीत फार्मासिस्टवाली दुकानं पुढे निघाली. गोळी दोन्हीकडे तीच बरं का, वाकडं_बोट.

यात समाधान कुठे येतं ते सांगतो. आमच्यातल्या एकाला विचारलं, फार्मासिस्टकडे तुला काय आवडलं? तो म्हणाला, "त्याला माझं नाव माहीत होतं, आणि आजाराआधीपासून माहीत होतं." फॉर्ममध्ये याला गोल नाही.

जुनाट

+१. आणि खिडकीवरच्या आवाजाबद्दल रातराणींना दुप्पट +१. औषध घेताना आडोसा असावा, ही चैन नव्हे. मी तर कितीतरी महिने डबीवरचं लेबल खरवडून टाकायचो.

अबोली

खलबत्ता, सी आणि बी दोन्ही असतील तर? भावाची सीची तपासणी अजून झालेली नाही, म्हणून विचारते.

खलबत्ता

फार महत्त्वाचा प्रश्न, बरं झालं विचारलंत. सीवर उपचार चालू असताना शांत बसलेला बी उफाळून येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये तसा ठळक इशारा दिला. म्हणून सीच्या गोळ्या सुरू करण्याआधी प्रत्येकाची बीची तपासणी व्हायलाच हवी, जुना संसर्ग होऊन गेलाय का तेही बघायचं. भावाची सीची तपासणी जरूर करून घ्या. आणि त्याने तुम्हा घरच्यांना बीची लस घ्यायला लावली नसेल तर ती आधी. सीला लस नाही, बीला आहे.

आणखी एक, रातराणीताईंसाठी. कोर्स संपला म्हणजे निकाल लागला असं नाही. शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी विषाणूचा आरएनए (रक्तात विषाणू आहे का हे दाखवणारा त्याचा जनुकीय अंश) तपासतात, तो सापडला नाही तर बरे झालात. त्या वेळी कोणी अँटिबॉडीची तपासणी केली तर ती पॉझिटिव्हच येईल, बरी झालेल्यांची वर्षानुवर्षं येत राहते. लोक घाबरून पुन्हा उपचार मागायला येतात. अँटिबॉडी म्हणजे फक्त विषाणू कधीतरी येऊन गेल्याची खूण. ती संरक्षणही देत नाही, पुन्हा लागण होऊ शकते. आणि यकृत आधीच कडक झालेलं (सिरॉसिस) असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची.

हे कोणी सांगितलं होतं का तुम्हाला?

रातराणी

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

खलबत्ता, तारखेचं डॉक्टर म्हणाले होते, अँटिबॉडीचं नाही. सिम्सच्या भाषेत 'मिळालीच नाही'. आणि आकडेमोड म्हणतात ती वेळेची गोष्ट मला फारच लागली. ८४ दिवस गोळ्यांचे, पुढे आणखी ८४ दिवस वाट बघण्याचे. पहिल्या ८४ मध्ये दर महिन्याला कोणीतरी विचारणारं होतं. दुसऱ्या ८४ मध्ये कोणी नाही. चौकटीसुद्धा नाहीत. झोप गेली ती खरं तर इथेच, फॉर्मचं निमित्त झालं.

तर काल परत गेले. म्हटलं, माझा फॉर्म द्या, दोन उत्तरं बदलायची आहेत. तिने गठ्ठा दाखवला. नावं लिहायची नसतात, त्यामुळे माझा कुठला ते सापडणं शक्य नाही. वरचे आठ-दहा चाळून बघितले, सगळ्यांवर खालपर्यंत पाच. ती हसली, मग मीही हसले.

मग तोंडीच सांगितलं, खिडकीवर काय झालं ते. तिचं हसू गेलं. म्हणाली, "हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "तुम्ही गोळ्यांचं विचारायचात, ते सगळं सांगितलं. याचं विचारलं नव्हतंत." जरा वेळ दोघीही गप्प. मग तिने ड्रॉवरमधून कोरा कागद आणि पट्टी काढली आणि विचारलं, "शेवटची गोळी कितव्या तारखेला घेतलीत?"

जुनाट

निकाल आला की इथेच टाका. आणि लॅबच्या चिठ्ठीवर आरएनए लिहिलंय ना, ते रक्त देण्याआधी स्वतः वाचा.